मुक्त स्रोत आज्ञावली : सांभाळणारे हात आणि कामाचे सातत्य

संगणकाकडून काम करवून घेणाऱ्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, तपासता, सुधारता आणि इतरांना देता येतो, ती मुक्त स्रोत आज्ञावली होय. भारत सरकारने २०१५ साली शासकीय प्रणालींत अशा आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. शिक्षकांच्या परिचयाचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठही ‘सनबर्ड’ या मुक्त स्रोत आज्ञावलीवर उभे आहे. म्हणून अशा आज्ञावली कोण सांभाळतो आणि सांभाळणारा निघून गेल्यास काय होते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

मोजक्यांच्या खांद्यावर भार

मुक्त स्रोत म्हणजे हजारो हातांचे काम, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. दुरुस्त्या सुचविणारे पुष्कळ असतात. परंतु संपूर्ण रचना जाणणारे आणि कोणती दुरुस्ती स्वीकारावयाची हे ठरविणारे मुख्य विकासक थोडेच असतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३३ लोकप्रिय प्रकल्प तपासण्यात आले. त्यांतील ६५ टक्के प्रकल्प एका किंवा दोन व्यक्तींवरच अवलंबून असल्याचे आढळले. हे विकासक नोकरी बदलतात, संसारात गुंततात, थकतात. अनेकांना या कामाचा मोबदलाही मिळत नाही. ते गेले तरी मजकूर मागे राहतो; पण एखादा भाग तसाच का लिहिला, याचे ज्ञान त्यांच्याबरोबर जाते.

दोन इशारे

महाजालावरील व्यवहार गुप्त राखणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीत एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष उघड झाला. असंख्य संकेतस्थळे तिच्यावर विसंबून होती. मात्र तिचे काम पूर्णवेळ पाहणारी व्यक्ती एकच होती आणि वार्षिक देणग्या सुमारे २,००० डॉलर होत्या. त्यानंतरच मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभारला.

दुसरा इशारा अधिक चिंताजनक आहे. माहिती आक्रसून साठविणारी ‘एक्सझेड’ ही आज्ञावली एक विकासक अनेक वर्षे विनावेतन सांभाळीत होते. काम मंद चालते म्हणून २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्यांच्यावर नवा सांभाळकर्ता नेमण्याचा लकडा लावला. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्याने २०२१ पासून मदत करून विश्वास संपादन केला होता. हळूहळू कारभार त्याच्या हाती गेला. फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत त्याने चोरवाट दडविली. दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती शोधून २९ मार्च २०२४ रोजी जाहीर केली. बहुतेक प्रणालींत ती पोहोचण्यापूर्वीच सापडली, हे सुदैव म्हटले पाहिजे.

सुव्यवस्थित हस्तांतर

‘पायथॉन’ या संगणकभाषेचे उदाहरण आश्वासक आहे. तिचे जनक गुइडो व्हान रॉसम यांनी जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. वारस मात्र नेमला नाही. पुढील व्यवस्था मुख्य विकासकांनीच ठरवावी, असे त्यांनी सुचविले. विकासकांनी निरनिराळे प्रस्ताव मांडून मतदान केले आणि २०१९ च्या प्रारंभी पाच सदस्यांची सुकाणू समिती निवडली. एकाच मालकाच्या सेवेतील दोनहून अधिक व्यक्ती समितीत असू नयेत, असा नियमही केला. प्रमुख व्यक्ती बाजूला झाली, तरी काम खंडित झाले नाही.

आपण काय पाहावे?

नळपाणीपुरवठा योजना सुरू झाली म्हणजे पंचायतीची जबाबदारी संपत नाही. पंप चालविणारा गेला तर दुसरा तयार असावा लागतो. आज्ञावलीचेही तसेच आहे. ती निवडताना पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. मुख्य विकासक किती आहेत आणि ते एकाच संस्थेचे आहेत काय?
२. रचनेची व निर्णयांची लेखी नोंद ठेवली जाते काय?
३. प्रत्येक बदल दुसरी व्यक्ती तपासते काय?
४. नवोदितांना शिकवून टप्प्याटप्प्याने जबाबदारी दिली जाते काय?
५. आपल्या अंदाजपत्रकात देखभालीची तरतूद आहे काय?

आपण केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे परत पाठविणे, हेही वापरणाऱ्याचे कर्तव्य होय. अशा आज्ञावलीचा मजकूर विनामूल्य मिळत असला, तरी तिची देखभाल विनामूल्य होत नाही. माणसे येणार आणि जाणार. त्यांचे ज्ञान मागे राहील अशी व्यवस्था असेल, तरच काम टिकेल.