गुणांक तोच, मूल मात्र पुढे

विशेष शिक्षण घेणाऱ्या बालकाचे पालक वर्षाअखेरीस अहवाल पुढे ठेवतात आणि विचारतात, "डॉक्टरसाहेब, गुणांक पन्नासच राहिला, मग हा वर्षभर शिकला काय?"

उत्तर व्याख्येतच आहे. विकासवयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणले की विकासगुणांक मिळतो. ३० महिन्यांच्या बालकाचे विकासवय १५ महिने असल्यास गुणांक ५०. वर्षानंतर, ४२ व्या महिन्यात, विकासवय २१ झाले तरी गुणांक ५० च! सहा महिन्यांची कमाई त्यात दिसतच नाही. विकासवय २३ झाले, तर गुणांक जेमतेम ५५. परंतु पूर्वी ३० महिन्यांत १५ आणि आता १२ महिन्यांत ८, म्हणजे वेग एक-तृतीयांशाने वाढला. मी अहवालात हा वेग स्वतंत्र नोंदवितो.

मात्र दोन्ही वेळा कसोटी एकच हवी. डॉ. प्रमिला फाटक यांची बडोदे मानकांवरील 'डासी' (सुधारित, १९९७) ३० महिन्यांपर्यंतच्या विकासाची आहे. पुढे दुसरी कसोटी घेतल्यास दोहोंच्या आकड्यांची वजाबाकी करू नये.

आणखी एक. आपल्या शाहपुरात घरी मराठी बोलणारे मूल हिंदीत तपासले, तर चित्रातील 'बिल्ली' त्याला ओळखता येत नाही, 'मांजर' मात्र येते. तपासणीची भाषा अहवालावर अवश्य लिहावी.