गाडीसोबत गाडी

शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा जवळ आली की होस्टेलमध्ये अभ्यासापेक्षा एकाच विषयाची चर्चा जास्त रंगते : लडाख! आमच्या ग्रुपमध्येही तेच झालं. आम्ही दोघे मोहाडीचे. नागपूर ते दिल्ली सुमारे 1100 किलोमीटर, तेही मे महिन्यात. एवढं अंतर मोटारसायकल हाणत गेलो तर पहाड लागण्याआधीच कंबर मोडणार. म्हणून ठरवलं, दिल्लीपर्यंत आपण आणि आपली गाडी दोघांनीही रेल्वेनेच जायचं.

वरठीचं भंडारा रोड स्टेशन आमच्याच तालुक्यात. पण तिथे बऱ्याच गाड्या जेमतेम काही मिनिटं थांबतात, तेवढ्या वेळात मोटारसायकल चढवणं म्हणजे सर्कसच. त्यामुळे गाडी आदल्या दिवशीच नागपूरला नेली. आणि तिथे आमची फजिती झाली.

टाकी रिकामी करायची असते हे माहीत होतं. नळी लावून पेट्रोल काढलं, झाकण लावलं, झालं! पॅकिंगवाल्या काकांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाले, "याला रिकामी म्हणता का पोट्टेहो?" शेजारीच एक जण बिडी ओढत उभा होता. काकांनी आधी त्याला हाकललं, मग आम्हाला. इंजिनिअरिंगची चार वर्षं काढून जे कळलं नाही, ते त्यांना वासावरून कळलं. परत आल्यावर हिशोब मांडून बघितला.

"रिकाम्या" टाकीचा हिशोब

समजा टाकीत फक्त 100 मिली पेट्रोल उरलं, म्हणजे साधारण अर्धा कप. त्याचं वजन सुमारे 74 ग्रॅम. पेट्रोल हे मिश्रण आहे, त्याचं सरासरी मोलर वस्तुमान 100 धरलं तर हे 0.74 मोल होतात. नेहमीच्या तापमानाला एका मोलची वाफ जवळपास 25 लिटर, म्हणजे एकूण वाफ साडेअठरा लिटर. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण 1.4 टक्के झालं की ती पेटू शकते. म्हणजे अर्धा कप पेट्रोल अंदाजे 1300 लिटर हवा पेटण्याजोगी करू शकतं!

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे 40 अंश सेल्सिअसच्याही खाली असतो, त्यामुळे वाफ व्हायला उन्हाळ्याची वाट बघावी लागत नाही. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, डब्याच्या तळाशी साचते. त्याच डब्यात दुसऱ्यांचं सामान असतं आणि डबा माणसांनी भरलेल्या गाडीला जोडलेला असतो. म्हणूनच रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 164 नुसार धोकादायक माल बेकायदा नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तेव्हा पेट्रोल स्टेशनवर नाही, घरी किंवा मेकॅनिककडे, मोकळ्या जागेत काढा. जुन्या गाडीत कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून तिथलंही काढा. बहुतेक जण हेच विसरतात. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत बहुधा फ्युएल इंजेक्शन असतं, तिथे मेकॅनिकच बरा. मग टाकी उघडी ठेवून वास जाईपर्यंत थांबा. काढलेलं पेट्रोल बाटलीत भरून सोबत नेऊ नका, नाहीतर मुद्दाच संपला!

लगेज की पार्सल?

तुमच्याकडे प्रवासाचं तिकीट असेल तर गाडी लगेज म्हणून बुक होते आणि जागा असेल तर तुमच्याच ट्रेनच्या ब्रेकव्हॅनमधून जाते. तिकीट नसेल तर पार्सल. ते स्वस्त पडतं, पण कधी पोचेल ते सांगता येत नाही. तिकिटावर जी सामानाची मोफत सूट मिळते, ती दुचाकीला लागू नाही. आर.सी., विमा आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स सोबत ठेवा. आरसे काढा, हँडल लॉक उघडं ठेवा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका. टाकी आणि हेडलाइट बारदान्यात नीट गुंडाळून घ्या. नाव, मोबाईल नंबर, कुठून-कुठे हे ठळक लिहून दोन ठिकाणी बांधा.

पावतीवरचा आकडा

पेट्रोलइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे किंमत जाहीर करणं. फॉर्मवर हा रकाना आपण घाईत कोरा सोडतो. मग गाडी हरवली किंवा मोडली तर रेल्वेची जबाबदारी वजनावर ठरते. 1990 च्या नियमांप्रमाणे लगेजसाठी किलोमागे 100 रुपये आणि पार्सलसाठी 50 रुपये ही मर्यादा आहे. 120 किलोच्या गाडीचे झाले 12 हजार किंवा 6 हजार! बाबांनी हप्ते भरून घेतलेल्या गाडीची एवढीच किंमत? किंमत जाहीर करून वरचा टक्केवारी आकार भरला तर जाहीर केलेल्या रकमेपर्यंत दावा करता येतो. हा दावा लेखी आणि सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. लगेजची पावती नसेल तर कलम 100 प्रमाणे जबाबदारीच उरत नाही, म्हणून पावतीचा फोटो काढून ठेवा. गाडीचेही चारही बाजूंनी फोटो घ्या.

दिल्लीला उतरलात की गाडी लगेच सोडवा, उशीर झाला तर जागेचं भाडं चढतं. बाहेर आल्यावर पंपापर्यंत ढकलत न्यावी लागेल. आम्हीही नेली, घामाघूम होऊन. पण तेव्हा जाणवलं, टाकी खरंच रिकामी होती, याचाच हा पुरावा.

बिडीवाला तो माणूस अजूनही आठवतो. पॅकिंगवाल्या काकांनी वास घेतला नसता तर? उत्तर हिशोबात दिलंच आहे. लडाखला जा, जरूर जा, पण आधी टाकीत नाक घालून बघा!