रात्रीं भिणारें लेंकरूं

घरांतील उपासनेसाठीं धडा
शास्त्रपाठ: १ शमुवेल ३:१-१८. सोबत वाचावें: उत्पत्ति २८:१०-१७, लूक ११:५-८.

भोकरदन तालुक्यांतील हसनाबाद येथें एका विश्वासी कुटुंबांत मी एकदां मुक्कामास होतों. उपासना झाली, जेवणें आटोपलीं, पण घरांतील चार वर्षांचा मुलगा कांहीं केल्या निजेना. तेव्हां आजी म्हणाली, "नीज, नाहीं तर चिंचेवरचा बुवा येईल आणि झोळींत घालून नेईल." मुलानें पांघरूण डोक्यावर ओढून घेतलें व तो गप्प झाला. सर्वांस वाटलें कीं काम झालें. मध्यरात्रीं तो किंचाळून उठला. त्यास लघवीस जावयाचें होतें, परंतु उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्यास तो तयार होईना. बापानें दरडाविलें, "एवढा मोठा झालास, आणि भितोस काय?" तेव्हां रडत रडत त्यानें आईस विचारलें, "आई, बुवा मोठा कीं येशू मोठा?"

त्या प्रश्नाचें नीट उत्तर त्या रात्रीं कोणासही देतां आलें नाहीं. मलाही आलें नाहीं. हा धडा त्या उत्तरासाठीं आहे.

मुख्य विचार. लेंकरानें बुवा पाहिलेला नाहीं, आणि येशूसही पाहिलेलें नाहीं. दोघांविषयीं त्यास आपल्याच तोंडून कळलें. बुवा खोटा होता हें तें मोठेपणीं आपोआप शिकेल. मग त्याच तोंडून ऐकलेल्या प्रभूविषयीं त्यानें काय समजावें? याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत एकाच झऱ्यांतून गोड व कडू पाणी निघण्याविषयीं लिहितो, तें येथें अगदीं लागू पडतें. लेंकराचा आपल्यावरील भरंवसा हाच त्याच्या देवावरील भरंवशाचा पहिला पाया आहे. तो आपण आपल्या हातांनीं पोखरूं नये.

आपल्या देशांत लेंकरांनीं लवकर निजावें म्हणून पूर्वीं अफूची बाळगोळी देत असत. शेतांत व गिरण्यांत राबणाऱ्या आयांचा तो नाइलाज होता. पण त्या गोळीनें मूल निजत नसे, गुंगत असे; आणि कित्येक लेंकरें त्यांतच दगावलीं. ती चाल वाईट हें आतां सर्वांस पटलें आहे. बागुलबुवा ही मनाची बाळगोळी होय. तिनें मूल उगें राहतें, पण शांत होत नाहीं.

भय कोठून येतें? दोन-तीन वर्षांपासून सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलांस अंधाराचें भय वाटतें. ह्या वयांत कल्पना करण्याची शक्ति जोरानें वाढते. पण खरें कोणतें व मनांतलें कोणतें हें निवडण्याची शक्ति मागून येते. खुंटीवरचा सदरा त्यास खरोखर माणूस दिसतो. म्हणून तें मूल लबाड नव्हे, हट्टी नव्हे व भित्रेंही नव्हे. त्यांत आपण बुव्याची, मुंज्याची, हडळीची भर घालतों. आणि हल्लीं निजण्यापूर्वीं हातांत मोबाईल देऊन नाहीं नाहीं तीं चित्रें त्यास दाखवितों. मग रात्रीं तें रडलें म्हणजे त्यावरच रागावतों.

एलीपासून काय शिकावें? शमुवेल त्या रात्रीं भ्याला होता असें शास्त्र सांगत नाहीं. तरी हांक ऐकून अंधारांत धांवत येणारें लेंकरूं आणि त्यास उत्तर देणारा वडील मनुष्य, हें चित्र आपणांस तेथें दिसतें. एली वृद्ध होता, त्याची दृष्टि मंद झाली होती, आणि एकाच रात्रीं तीन वेळां त्याची झोपमोड झाली. तरी तो ओरडला नाहीं. त्यानें मुलास "माझ्या मुला" असें म्हटलें, आपण हांक मारली नाहीं हें खरें तें सांगितलें, आणि परत जाऊन निजण्यास सांगितलें. तिसऱ्या वेळीं त्यास उमगलें, तेव्हां काय बोलावें हें त्यानें मुलास शिकविलें. सकाळीं मात्र शमुवेल सर्व सांगण्यास भ्याला, असें १५ व्या वचनांत स्पष्ट आहे. एलीनें स्वतः होऊन विचारलें, आणि ऐकावयास कठीण अशी गोष्टही न रागावतां ऐकून घेतली. स्वतःच्या पुत्रांस वळण लावण्यांत हाच एली चुकला होता. ज्या आईबापांस वाटतें कीं आपल्या हातून फार चुका झाल्या, त्यांनीं ह्यांतून धीर घ्यावा.

ह्यावरून तीन गोष्टी निघतात: हांकेस उत्तर द्यावें, खरें सांगून पुन्हां जाग्यावर निजवावें, आणि सकाळीं प्रेमानें विचारावें. रात्रीं फार बोलूं नये. भयाची चौकशी उजेडांत करावी.

घरीं काय करावें?

पहिलें. निजण्याची वेळ व रीत ठरलेली असावी: हातपाय धुणें, लघवीस जाऊन येणें, गोष्ट, प्रार्थना, अंथरूण. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितल्याप्रमाणें तीन-चार वर्षांच्या मुलास दिवसाच्या झोपेसह १० ते १३ तास झोप लागते. म्हणून उपदेशकांनींही रात्रीची उपासना फार लांबवूं नये. अति थकलेलें मूल रात्रीं अधिक दचकतें.

दुसरें. आपल्या गांवीं विंचू व साप हे खरे आहेत. अंथरूण झटकून, कोपरे पाहून, मुलाच्या देखत सांगावें, "मीं पाहिलें, कांहीं नाहीं." पण बुवा शोधण्यासाठीं खाटेखालीं पाहूं नये, नाहीं तर बुवा असतो असेंच त्यास वाटेल. मंद दिवा ठेवण्यास हरकत नाहीं. शिलोच्या मंदिरांतही शमुवेल निजला होता तेव्हां देवाचा दीप विझला नव्हता.

तिसरें. भय एकदम उपटूं नये, हळूहळू सोडवावें. इ. स. १९२४ मध्यें अमेरिकेंतील मेरी कव्हर जोन्स ह्या विदुषीनें पीटर नांवाच्या सुमारें तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो सशास फार भीत असे. तो आवडीचा खाऊ खात असतांना पिंजऱ्यांतील ससा प्रथम दूर ठेवीत व पुढें थोडा थोडा जवळ आणीत. शेवटीं तो सशास कुरवाळूं लागला. आपणही तसेंच करावें. दिवसा मुलाचा हात धरून चिंचेखालीं जावें, पडलेल्या चिंचा वेंचाव्या. मग दिवेलागणीस जावें. मग बॅटरी त्याच्याच हातीं देऊन रात्रीं जावें. अंधारांत एकटें कोंडणें किंवा भावंडांनीं थट्टा करणें ह्यानें भय दुणावतें.

चौथें. गोष्ट निवडून सांगावी. याकोबाची गोष्ट उत्तम. तो घरापासून दूर, एकटा, उघड्यावर दगड उशास घेऊन निजला, आणि तेंच ठिकाण देवाचें घर आहे असें त्यास कळलें. त्यानें त्यास बेथेल म्हटलें. एकोणिसाव्या शतकांत रेव्ह. नारायण शेषाद्री ह्यांनीं जालन्याजवळ जें ख्रिस्ती गांव वसविलें, त्याचेंही नांव बेथेलच. आपल्या मुलांस तें नांव ठाऊक असेल. त्याचा अर्थही त्यांस सांगावा.

पांचवें. प्रार्थनेंत, "प्रभु, बुव्यापासून राख," असें म्हणूं नये. तेणेंकरून बुवा खरा ठरतो. दिवसांतील चांगल्या गोष्टींबद्दल उपकार मानावे, घरच्यांचीं नांवें घ्यावीं, आणि आपण निजलों तरी राखणारा जागा आहे, हें १२१ व्या स्तोत्रांतील सत्य सोप्या शब्दांत सांगावें.

मूल आईबापांजवळ निजतें ह्याची लाज नको. लूकाच्या ११ व्या अध्यायांतील दृष्टांतांत बापाचीं मुलें त्याच्यापाशींच निजलेलीं आहेत. प्रभूस अशीं घरें ठाऊक होतीं.

कांहीं मुलें झोंप लागल्यावर एकदोन तासांत डोळे उघडे ठेवून किंचाळतात, कोणास ओळखत नाहींत, व सकाळीं त्यांस कांहींच आठवत नाहीं. ही बाहेरची बाधा नव्हे. झोपेंतील एक अवस्था आहे. अशा वेळीं हलवून जागें करूं नये. इजा होऊं नये एवढें पाहून जवळ बसावें. वाईट स्वप्न पडलेलें मूल मात्र जागें होऊन सांगतें. त्यास पोटाशीं धरावें. झटके वारंवार येऊं लागले, किंवा अंग ताठरूं लागलें, तर दवाखान्यांत दाखवावें.

दोरा व अंगारा ह्यांविषयीं. आई काळा दोरा बांधते ती प्रीतीमुळें. तिचा उपहास करूं नये. पण दोरा लेंकरास शिकवितो कीं संकट खरें आहे आणि तें व तूं ह्यांच्यामध्यें एक सूत आहे. सूत तुटलें म्हणजे काय? आईचा हात व बापाचा शब्द त्याहून बळकट आहे.

शेवटीं एक गंभीर गोष्ट. कांहीं भयें मनांतलीं नसतात. बाप दारू पिऊन येतो, रात्रीं मारहाण होते, तेथें मूल अंधारास नव्हे, घरास भितें. आईबाप ऊसतोडीस गेले म्हणजे आजीजवळ राहिलेलें मूल तीं परत येतील कीं नाहीं, ह्या भयानें जागतें. त्यास परत येण्याचा महिना सांगावा व फोनवर आवाज ऐकवावा. आणि एखाद्या विशिष्ट माणसाजवळ निजण्यास मूल नाहीं म्हणत असेल, तर त्यास दटावूं नये. एलीप्रमाणें सर्व ऐकून घ्यावें, तो माणूस नात्यांतला असो वा मंडळींतला मान्यवर असो, आणि मुलास प्रथम त्याच्यापासून दूर करावें. मुलांच्या साहाय्यासाठीं १०९८ हा सरकारी दूरध्वनि क्रमांक आहे.

हसनाबादच्या त्या घरीं सकाळीं आजीनें नातवास मांडीवर घेतलें व म्हणाली, "चिंचेवर बुवा नाहीं रे बाळा. तूं निजावेंस म्हणून मी खोटें बोललें. माझें चुकलें." मग ती त्यास घेऊन चिंचेखालीं गेली. बुवा मोठा कीं येशू मोठा, ह्याचें उत्तर कोणी शब्दांनीं दिलें नाहीं. पण आपली आजी खरें बोलते, हें त्या लेंकरास त्या दिवशीं कळलें. आणि पुढें ती येशूविषयीं जें सांगेल, त्यास तेंच आधार होणार आहे.

उपदेशकांनीं विचारावयाचे प्रश्न

१. एलीनें शमुवेलास तिन्ही वेळां काय उत्तर दिलें? आपण काय देतों?
२. आपल्या घरीं मुलांस निजविण्यासाठीं कोणाचें नांव घेतात?
३. सकाळीं शमुवेल कां भ्याला, आणि त्याचें भय कसें गेलें?
४. ह्या आठवड्यांत मुलासमोर आपलें कोणतें खोटें आपण मागें घेऊं?