नव्या शहरात संसार : पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब

मालेगावहून भिवंडीला जाणे ही आपल्या लोकांना नवी गोष्ट नाही. दोन्ही गावे मुंबई-आग्रा महामार्गावरची. दोन्हीकडे यंत्रमागाचा धंदा, दोन्हीकडे सूत आणि ग्रे कापडाची देवघेव. पूर्वी एकटा पुरुष जात असे. भिशीत जेवायचा, चार-सहा जणांत एक खोली करून झोपायचा आणि सणाला घरी परतायचा. आता नवरा-बायको दोघे मिळून जातात. ही चांगली गोष्ट आहे. पण एकट्या माणसाचा हिशेब चुकला तर तो दोन दिवस पाव-चहावर काढतो. दोघांचा चुकला तर संसाराची सुरुवातच उधारीवर होते, आणि ती उधारी फेडता फेडता वर्षे निघून जातात.

शहर महाग आहे म्हणून जोडपे अडचणीत येते, असे आपण म्हणतो. माझा तजुर्बा थोडा वेगळा आहे. बहुतेक जण महागाईमुळे अडकत नाहीत. सगळी रोकड पहिल्याच आठवड्यात एका जागी घातल्यामुळे अडकतात. नवशिका दुकानदार हेच करतो. हातातले सगळे भांडवल मालात घालतो, गल्ला रिकामा ठेवतो, आणि पहिली उधारी थकली की त्याच्याकडे दुकानाचे भाडे द्यायला पैसे नसतात. माल असतो, पण रोकड नसते. संसाराचेही तसेच आहे.

एक उदाहरण

अशी एक जोडी माझ्या पाहण्यात आली. मुलगा कापडाच्या गोदामात हिशेब लिहिण्याच्या कामावर लागला होता. पगार ठरला होता, माणूस मेहनती, मुलगी समजूतदार. घरून निघताना दोघांजवळ एक लाख वीस हजार रुपये होते. खोली पसंत पडली म्हणून एक लाख रुपये डिपॉझिट देऊन टाकले. दलाली, टेम्पो, पंखा, शेगडी यांत बाकीचे गेले. हातात राहिले तीन हजार. मुलगा महिन्याच्या पाच तारखेला कामावर लागला होता, आणि पगार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला होत असे. म्हणजे पहिला पैसा हातात यायला पस्तीस दिवस!

विसाव्या दिवशी त्याने मालकाकडे उचल मागितली. मालकाने दिली. दुसऱ्या महिन्यात ती पगारातून कापली गेली, म्हणून पुन्हा उचल घ्यावी लागली. सहा महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी जास्त पगाराची जागा मिळत होती, पण अंगावर उचल होती, त्यामुळे जाता आले नाही. एक लाख रुपये घरमालकाकडे पडून होते आणि स्वतःच्या रोजीची मोकळीक मात्र गेली होती. यात कोणी कोणाला फसवले नव्हते. फक्त हिशेब उलटा मांडला गेला होता.

रोकड तीन भागांत वाटा

तेच एक लाख वीस हजार कसे वाटता आले असते ते पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या शहराचे आकडे आपण घालावेत, पण रीत हीच ठेवावी.

पहिला भाग बस्तान बसवण्याचा : रु. ६०,०००. यात डिपॉझिट ४०,०००, दलाली ५,०००, करार व नोंदणी २,५००, सामानाची वाहतूक ३,००० आणि पंखा, शेगडी, पिंप, भांडी असे घरसामान ९,५००.

दुसरा भाग तीन महिन्यांच्या खर्चाचा : रु. ४५,०००. महिन्याला १५,००० असे धरले आहे. भाडे ५,०००, किराणा व भाजी ५,०००, वीज ८००, गॅस ९००, येणे-जाणे १,३००, मोबाईल ५००, आई-वडिलांना १,०००, औषधपाणी व किरकोळ ५००.

तिसरा भाग हात न लावण्याचा : रु. १५,०००. आजारपण, काम सुटणे किंवा गावी अचानक जावे लागणे, एवढ्यासाठीच. हा पैसा पत्नीच्या नावाच्या खात्यात ठेवावा.

नियम सोपा आहे. जवळच्या रोकडीपैकी निम्म्याहून जास्त रक्कम बस्तान बसवण्यात जाऊ देऊ नये. खोली निम्म्यात बसत नसेल तर लहान खोली पाहावी, थोडी लांबची पाहावी किंवा दोन महिने थांबून रक्कम वाढवावी. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण सर्वांना पाठ असते, पण डिपॉझिट देताना ती कोणाला आठवत नाही.

लांबची खोली पाहताना मात्र भाडे आणि येण्या-जाण्याचा खर्च एकत्र मोजावा. भाडे हजाराने कमी आणि रिक्षाला महिन्याला पंधराशे जास्त, असा सौदा तोट्याचा आहे.

हेवी डिपॉझिटचा मोह

मुंबई, मुंब्रा, भिवंडी या पट्ट्यात 'हेवी डिपॉझिट'ची पद्धत आहे. तीन-चार लाख एकदम द्यायचे आणि दरमहा भाडे द्यायचे नाही किंवा नावापुरते द्यायचे. भाडे वाचते म्हणून तरुण जोडपी दागिने मोडून ही रक्कम उभी करतात. दिसायला सौदा फायद्याचा आहे. पण व्यापारी नजरेने पाहा. तुम्ही एका माणसाला मोठी रक्कम हातउसनी देत आहात, आणि ती परत करण्याची ऐपत त्याच्यात आहे की नाही हे तुम्ही तपासलेले नाही. बहुतेक वेळा तो नवा भाडेकरू आणून त्याच्या पैशातून तुमचे पैसे फेडणार असतो. नवा भाडेकरू मिळाला नाही तर तुमचे पैसे अडकले. त्या खोलीवर बँकेचे कर्ज असेल आणि हप्ते थकले असतील तर बँक जागा ताब्यात घेऊ शकते, आणि तुमची रक्कम परत मिळवायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून पहिल्या वर्षी तरी या वाटेला जाऊ नये.

दागिने आणि मेहेर ही पत्नीची स्वतःची मिळकत आहे. ती डिपॉझिटात घालायची वेळ आलीच, तर तिची राजीखुशी हवी आणि करारावर तिचेही नाव हवे.

कागद पक्का करा

आपल्या लोकांत तोंडी सौद्याची सवय फार. बाजारात जबानीवर लाखोंचा माल जातो हे खरे, पण तिथे दोघांची जुनी ओळख असते. नव्या शहरात तुम्हाला कोण ओळखतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती केली नाही आणि तंटा झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही.

"नोंदणीला फार खर्च येतो" असे सांगून दलाल टाळाटाळ करतात. हिशेब करून पाहा. मुद्रांक शुल्क आहे पाव टक्का. अकरा महिन्यांचे भाडे पाच हजारांप्रमाणे झाले ५५,०००. परतीच्या डिपॉझिटवर सालाना दहा टक्के धरून ते त्यात मिळवतात. चाळीस हजारांवर अकरा महिन्यांचे झाले साधारण ३,६७०. एकूण ५८,६७० रुपयांवर पाव टक्का म्हणजे दीडशे रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. बाकी काय ते एजंटची मजुरी आणि किरकोळ शुल्क. चाळीस हजारांच्या रकमेचा कागद एवढ्या स्वस्तात पक्का होत असेल तर तो टाळण्यात शहाणपण नाही.

दिलेली संपूर्ण डिपॉझिट रक्कम करारात लिहून घ्यावी. कमी लिहून बाकी रोख देण्याचा आग्रह झाला तर सरळ नकार द्यावा. कागदावर नसलेला पैसा मागायला जाल तेव्हा तो तुमचा राहिलेला नसतो. डिपॉझिट बँकेतून द्यावे. खोली सोडताना किती महिन्यांची सूचना, किती दिवसांत परतफेड आणि कशाबद्दल कपात, हे लिहून घ्यावे. ताबा घेताना भिंती, नळ आणि वीज मीटरचा आकडा यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. मागचे वीजबिल मागून त्यात थकबाकी नाही ना ते पाहावे.

नोंदणीकृत करार आधारचा पत्ता बदलायलाही उपयोगी पडतो. हा एक कागद असला की नव्या शहरातली पुढची बरीच कामे सोपी होतात.

स्वस्त खोली आणि जिवाची किंमत

पैसे वाचवण्यालाही एक हद्द असते. २१ सप्टेंबर २०२० रोजी भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी नावाची इमारत पहाटे कोसळली. लोक झोपेत होते. तीसहून अधिक माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. एप्रिल २०२३ मध्ये वलपाडा भागात आणखी एक इमारत पडून माणसे दगावली. तिथे खाली कामाची जागा आणि वर बिऱ्हाडे होती.

महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. टोकन देण्यापूर्वी प्रभाग कार्यालयात जाऊन इमारतीचे नाव त्या यादीत आहे का ते विचारावे. खांबांना तडे, उघडे पडलेले गंजके लोखंड, जिन्याखाली सतत ओल, खालच्या मजल्यावर जड यंत्रे किंवा मालाचा मोठा साठा, यांतले काही दिसले तर भाडे कितीही कमी असो, तिथे राहू नये. कामवारी नदीकाठच्या सखल वस्तीत खोली असेल तर शेजाऱ्यांना विचारावे, मागच्या पावसात पाणी कुठवर आले होते? दलाल हे सांगणार नाही, शेजारी सांगतील.

जाण्याचा क्रम

आधी पतीने एकट्याने जावे. पंधरा दिवस भिशीत जेवावे, ओळखीच्याकडे झोपावे, काम पाहावे. पगार किती, हे सगळे विचारतात. पगार कोणत्या तारखेला, हे कोणी विचारत नाही. ते विचारावे. दुसऱ्या फेरीत पत्नीला खोली दाखवायला न्यावे. राज्य परिवहनच्या गाडीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे ही फेरी महाग पडत नाही. दिवसभर त्या खोलीत ती राहणार आहे. नळाला पाणी किती वाजता येते, संडास किती घरांत एक आहे, रात्री जिन्यात उजेड असतो का, हे पुरुषाच्या लक्षात येत नाही. दोघांची पसंती झाल्यावरच टोकन द्यावे.

सामान नेताना स्वतंत्र टेम्पो करण्याआधी चौकशी करावी. सूत आणि कापडाच्या गाड्यांची या मार्गावर सतत ये-जा असते. परतीच्या गाडीत चार बोचकी आणि एक कपाट कमी भाड्यात जाते. पलंग, फ्रीज पहिल्या फेरीत नेऊच नयेत.

रेशनकार्डासाठी घाई नको. 'एक देश एक रेशनकार्ड' व्यवस्थेत गावच्या कार्डावर आपल्या वाट्याचे धान्य नव्या शहरातल्या रास्त भाव दुकानातून आधारचा अंगठा देऊन घेता येते. घरच्यांचा वाटा त्यांना गावी मिळत राहतो. गॅसजोडणी होईपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्याला स्थानिक पत्त्याचा पुरावा लागत नाही.

तीन गोष्टींपासून पहिले सहा महिने दूर राहावे. पहिली, किराणा दुकानातली वही. उधारीत भाव विचारायची हिंमत राहत नाही. दुसरी, भिशी. जेवणाची नव्हे, पैसे जमवण्याची. माणसे ओळखीची झाल्याशिवाय तीत नाव घालू नये. तिसरी, मोबाईलवर पाच मिनिटांत मिळणारे कर्ज.

पत्नीने घरबसल्या शिलाई, मोतीकाम, धागे कापणे असे काम घेतले तर उत्तम. पण ती कमाई पहिल्या तीन महिन्यांच्या हिशेबात धरू नये. नगावर मजुरी किती, दिवसाला नग किती होतात, दोरा-सुई कोणाची आणि पैसे किती दिवसांनी, हे ठरवून मगच काम उचलावे.

मालकांसाठी दोन शब्द

या पानाचे बरेच वाचक स्वतः कारखानदार, व्यापारी आणि घरमालक आहेत. त्यांनाही एक मशविरा. नव्याने संसार घेऊन आलेल्या कामगाराला उचल देऊन बांधण्याऐवजी पहिल्या महिन्यात झालेल्या कामाची मजुरी पंधरा दिवसांनी द्यावी. तुमच्या खिशातून एक पैसाही जास्त जात नाही. जो पैसा त्याने कमावला आहे तोच थोडा लवकर मिळतो. असा माणूस मन लावून टिकतो. उचलीने अडकलेला माणूस रोज दाराकडे पाहत काम करतो.

निघण्यापूर्वी दोघांनी बसून ही उत्तरे लिहावीत

१. एकूण रोकड किती, आणि डिपॉझिटसह बस्तान बसवण्यात निम्म्याहून जास्त जाते का?
२. पहिला पगार हातात यायला नेमके किती दिवस लागतील?
३. कमाई शून्य धरली तर किती दिवस निघतील?
४. करार नोंदणीकृत आहे का, पूर्ण रक्कम त्यात आहे का, दोघांची नावे आहेत का?
५. इमारत धोकादायक यादीत नाही, याची खात्री कोणी केली?
६. वही कोण लिहिणार?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "दोघे" असे असावे. एक साधी शंभर पानी वही घ्यावी. डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले, रोज रात्री दोन मिनिटे. ज्या घरात नवरा कमावतो पण हिशेब दोघांना ठाऊक असतो, त्या घरात पैसा कमी पडला तरी भांडण कमी होते. तीन महिने संपल्यावर राखीव पंधरा हजार तसेच शिल्लक असतील, तर समजावे की शहरात पाय रोवला. मग पलंगाचा विचार करावा.