बाबांची बॅटरी खोलण्याआधी

चि. भाच्यास,

तुझं पत्र मिळालं. बाबांची चार्जिंगची बॅटरी खोलून तिच्यात जास्त वॅटचा एलईडी आणि लिथियमचा सेल बसवायचा तुझा बेत वाचला. तुझी हौस मला मनापासून आवडली. पण ती बॅटरी तू सध्या खोलू नकोस.

राळेगावकडचं रब्बीचं ओलित तू लहानपणापासून पाहतोस. थ्री फेज लाइन कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीची असली की बाबा हरभऱ्याच्या वावरात एकटे असतात. पायाशी घोणस किंवा मण्यार असू शकते, धुऱ्यापलीकडे रानडुकरं. 2 नोव्हेंबर 2018 ला बोराटीजवळ टी-1 वाघीण मारली गेली, तोवर याच भागातली माणसं अंधारात वावरात जायला धजत नव्हती. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली; पण तुमच्या फीडरवर रात्रपाळी आहे तोवर बाबांच्या हातातली बॅटरी बटण दाबताच लागली पाहिजे. तिच्यावर प्रयोग नको.

स्वतःसाठी बाजारातून तसलीच स्वस्त बॅटरी घे आणि ती खुशाल खोल. मात्र प्लग बोर्डात असताना कधीच नाही. या बॅटऱ्यांत बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो. घरातली 230 व्होल्टची वीज एका कपॅसिटरमधून आणि चार डायोडमधून आतल्या सेलपर्यंत येते, म्हणून सेल 4 व्होल्टचा असला तरी चार्जिंग चालू असताना आतल्या तारेचा शॉक जीवघेणा ठरू शकतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो; लगेच बोट लावू नकोस.

जुना सेल लेड-ॲसिडचा आहे. त्याच्या जागी लिथियमचा सेल टाकून जुनाच चार्जर ठेवलास, तर घात होईल. लिथियमचा सेल 4.2 व्होल्टला पूर्ण भरतो, त्यापुढे रेटला की तापतो, फुगतो, पेटही घेतो. आणि या चार्जरला थांबायचं कळतच नाही. प्रोटेक्शन असलेलं लिथियमचं चार्जिंग मॉड्यूल घे, जुनं सर्किट सगळं काढून टाक. मोबाइलच्या दुकानातला जुना, फुगलेला सेल फुकट मिळाला तरी घेऊ नकोस.

आता उजेडाचं. उजेड दुप्पट केला म्हणजे पल्ला दुप्पट होत नाही, त्याला चौपट उजेड लागतो. मोठा एलईडी प्लॅस्टिकच्या डबीत तापतो आणि मंद होत जातो. त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी हवीच. शिवाय नवा एलईडी रिफ्लेक्टरच्या नेमक्या मध्यात, जुन्याच्याच उंचीवर बसला नाही तर झोत विस्कटतो. तेव्हा आधी ठरव: धुऱ्यापलीकडचं दिसायला हवं की पायाखालचं? पाणी देणाऱ्याला आधी पायाखालचं दिसायला हवं, असं मला वाटतं. त्यासाठी मोठ्या एलईडीची गरजच पडत नाही. चांगला सेल आणि नीट टाकलेले सोल्डरचे डाग एवढ्यानेही काम होईल. पैसे वाचवायला हा उद्योग करू नकोस, ते वाचणार नाहीत. हात बसावा म्हणून कर.

तुझी बॅटरी एक हंगाम ओलिताला टिकली की बाबांच्या बॅटरीचं बोलू. तोवर त्यांची चार्ज करून ठेवायचं काम तुझ्याकडे. आणि पहिला स्क्रू काढण्याआधी माझ्याकडे येऊन मल्टिमीटर घेऊन जा.

तुझा मामा