जर्मन कळफलकावर मराठी अक्षरे



बॉन विद्यापीठाचे प्राध्यापक आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल यांनी १८२३ साली बॉनमध्ये भगवद्गीता नागरी अक्षरांत प्रसिद्ध केली. त्याकरिता नागरी खिळे त्यांना पॅरिसमध्ये मुद्दाम करवून घ्यावे लागले. आज बॉनमधील मराठी कुटुंबाला एकही खिळा लागत नाही. तेथे विकत घेतलेल्या संगणकातही मराठी कळफलकाची सोय असते, ती फक्त चालू करावयाची. तरीही आपण घरची पत्रे रोमन अक्षरांत लिहितो. त्यात बाळ आणि बाल एकच होतात, आणि परदेशी वाढणाऱ्या मुलांना ळ कोठे येतो हे कळत नाही. म्हणून हा धडा.

१. चालू करणे : विंडोजमध्ये ‘आइनश्टेलुंगेन’ उघडावे. ‘त्साइट उंड श्प्राखे’ या भागातील भाषांच्या यादीत मराठी जोडावी. जर्मन काढू नये. नंतर विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. पुन्हा तसेच केले की जर्मन परत येते.

२. अक्षरांच्या जागा : या मांडणीस इन्स्क्रिप्ट म्हणतात. १९९१ च्या भारतीय मानकात ती दिलेली आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. साध्या कळेने क, शिफ्ट धरून ख. तसेच ग-घ, त-थ, प-फ.

कळेवर काय छापले आहे ते संगणक पाहत नाही, तो कळेची जागा पाहतो. छापील तक्ते इंग्रजी कळफलकाचे असतात. जर्मन कळफलकावर वाय व झेड यांची अदलाबदल असते. म्हणून तक्त्यात वायवर दिसणारा ब येथे झेडवर मिळेल. च, ट, ड हे दोन टिंबांच्या ओ, ए, यू या कळांवर अनुक्रमे सापडतील.

३. अभ्यास : बाळ – झेड, ई, शिफ्ट धरून एन. पत्र – एच, एल, डी, जे. यातील डी अक्षराचा पाय मोडते.

४. सावधगिरी : पासवर्ड लिहिण्यापूर्वी घड्याळाजवळील भाषेची खूण पाहावी. मराठी चालू राहिल्यास पासवर्ड चुकतो.

इस्रायलमधील कळफलकावर वाय व झेड इंग्रजीप्रमाणेच असल्याने तेथे तक्ता जसाच्या तसा चालेल.

सुरुवातीला हात अडखळेल. रोज चार ओळी लिहाव्यात, आणि शेजारी मुलांनाही बसवावे.