इंग्रजी भूतकाळी प्रत्ययाचा उच्चार

देवणीच्या शिवारातील तीन कामे इंग्रजीत सांगून पाहा : शेत नांगरले, तूर लावली, गायीची धार काढली. प्लाउ, प्लांट आणि मिल्क या तिन्ही क्रियापदांना भूतकाळात 'ईडी' हाच प्रत्यय लागतो. उच्चार मात्र प्लाउड, प्लांटिड, मिल्क्ट असे तीन तऱ्हांचे होतात. आपल्या वर्गांतून 'मिल्केड' सर्रास ऐकू येते.

यामागील तत्त्व आपणांस अपरिचित नाही. मराठी व्याकरणातील प्रथम व्यंजन संधी आठवा. विपद् आणि काल मिळून 'विपत्काल' होतो, कारण कठोर 'क'पूर्वी 'द'चा 'त' होतो. इंग्रजीत प्रभावाची दिशा उलट आहे. तेथे आधीचा ध्वनी पुढच्याला बदलतो. मिल्कमधील 'क' कठोर, म्हणून 'ड'चा 'ट' झाला. प, क, फ, स, श, च यांनंतर 'ट'. स्वर आणि मृदू व्यंजने यांनंतर 'ड'. धातूच्या शेवटी मुळातच ट किंवा ड असेल, तर मध्ये 'इ' येतो : प्लांटिड, नीडिड.

निकष ध्वनीचा आहे, लिपीचा नव्हे. लाफच्या लेखनात शेवटी 'जीएच' असले तरी ऐकू येतो 'फ', म्हणून लाफ्ट. शंका आल्यास कंठावर बोट ठेवून 'स' आणि 'म' लांबवून पाहा. 'म'च्या वेळी कंप जाणवेल. जेथे कंप, तेथे 'ड'.

'मिल्केड' हा केवळ लेखनाचा परिणाम नाही. अंत्य जोडाक्षर फोडण्याकडे आपल्या बोलींचा कल आहे : 'वक्त'चा 'वखत' झाला, 'जन्म'चा 'जलम'. शिवाय हा स्वर पूर्वी इंग्रजही उच्चारत असत. पुढे तो झिजला, लेखनात राहिला आणि नेकिड, विकिड अशा विशेषणांत टिकला. ग्रामीण विद्यार्थ्याच्या उच्चाराला हसणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसते.

तरीही सराव हवाच. आपला 'ट' मूर्धन्य राहिला तरी ऐकणाऱ्याचे फारसे अडत नाही. प्रत्यय गिळला तर मात्र अडते. मुलाखतीत 'वर्क्ट'ऐवजी 'वर्क' ऐकू गेले, तर सोडलेली नोकरी अजून चालू आहे, असा अर्थ होतो. पुढील शब्द स्वराने सुरू होत असेल, तर प्रत्यय त्यास जोडून म्हणावा : 'मिल्क्-टिट', म्हणजे मिल्क्ट इट. जोडाक्षर आपोआप सुटते.

स्वाध्याय : वॉश, ग्रेझ, लोड, डान्स, क्लीन, वेट यांची भूतकाळी रूपे मोठ्याने उच्चारा आणि प्रत्येक ठिकाणी अंत्य ध्वनी कोणता, ते कारणासह लिहा.